छातीच्या मापात न मावलेली थोरली

मित्रांनो, मी एक जुनी मापाची टेप आहे. लांबी पुरी शंभर फूट, आणि तिचा मला गर्वही तेवढाच होता. पाइनसारख्या झाडांना कवेत घेताना मी माझ्या कातडी डबीतून जेमतेम बाहेर यायचे.

मग वनरक्षक लोरेटा पिकेटने मला अमेरिकेतल्या सिएराच्या डोंगरात, सिकोया नावाच्या महाकाय झाडांत आणले. तिच्या चौकीजवळच्या झाडाला सगळे थोरली म्हणत. माझे टोक धरून लोरेटा एका बाजूने निघाली, डबी घेऊन तिचा सहकारी ड्वेन दुसऱ्या बाजूने.

"लोरेटा, आहेस का परस्पर घरी गेलीस?" खोडापलीकडून ड्वेनचा आवाज आला.

"चालतेय रे बाबा. तू जेवून घे तोवर."

घेर भरला अठ्ठ्याहत्तर फूट. माझा गर्व तिथेच जिरला.

पंचवीस वर्षे आम्ही तिला असेच मोजले, माणसाच्या छातीच्या उंचीवर. जंगलखात्याची रीतच तशी.

एका सप्टेंबरात वणवा पलीकडच्या कड्यापर्यंत आला. थोरलीचे बूड आगीला दाद न देणाऱ्या चंदेरी कापडात गुंडाळायचे ठरले. ड्वेनने वही पाहून अठ्ठ्याहत्तर फूट कापड मागवले. ते मुळाशी पुरेना. लोरेटाने वाकून मला जमिनीलगत फिरवले, तर सत्त्याण्णव फूट.

"छातीचं माप देऊन घागऱ्याचा घेर शिवायला टाकलास की रे."

"वहीत तूच लिहिलंयस ना?" ड्वेनचा चेहरा उतरला होता.

उघड्या राहिलेल्या बाजूलाच जुन्या आगीने खोडात ढोली पाडली होती. तिथून ठिणगी आत गेली की थोरली संपली. नवे कापड यायला वेळ नव्हता. लोरेटा आपल्या लाकडी चौकीकडे पाहत राहिली. तीही तशाच कापडात गुंडाळलेली होती आणि तिच्यात लोरेटाचा पंचवीस वर्षांचा संसार होता.

"काढ ते," ती म्हणाली.

"अगं, घर आहे तुझं."

"घर दोन महिन्यांत उभं राहतं. थोरलीची दोन हजार वर्षं कुठून आणू मी?"

त्या घाईत मी कापडाच्या आतच राहिले. पंधरा दिवसांनी कापड सुटले. चौकीची राख झाली होती. थोरली मात्र हिरवीगार होती, आणि तिच्या सालीला बिलगलेली मी जशीच्या तशी. लोरेटा आधी रडली, मग मला शांतपणे गुंडाळू लागली.

जिला मोजायला गेले, तिच्याच कुशीत मी वाचले, आणि अंगावर पांघरूण होते लोरेटाच्या घराचे. हे उपकार माझ्या शंभर फुटांत मावत नाहीत. मित्रांनो, थोरांना छातीशी छाती भिडवून मोजू नका, त्यांना जपायचे तर आधी पायाशी वाका.