आटलेली रुआना

ओळखलंत मला? नाही ना! मी रुआना बोलतेय. घोंगडीला मधोमध चीर द्या, त्यातून डोकं बाहेर काढा, की झाले मी तयार. आज मात्र तुम्ही मला भांड्यावरचं फडकंच समजाल. तसं का झालं, तेच सांगते.

नोब्सा गावात एका म्हातारीने मला मागावर विणलं. तिची मुलगी एर्मेलिंदाबाई तुंहा शहराच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची कचेरी सांभाळतात. तुंहात बारा महिने गारठा, आणि मुलं येतात गरम मुलखांतून, पातळ सदऱ्यांत, दात वाजवत. बाई आधी हातात गुळाच्या गरम पाण्याचा कप देतात, मग खांद्यावर मला टाकतात, आणि पासपोर्ट मागतात तो त्यानंतर.

"स्वतःचं काही उबदार घेतलंस की आणून दे," एवढीच अट. कितीतरी खांद्यांवरून फिरले मी. आईशी फोनवर बोलताना डोळे पुसायलाही पोरांना माझंच टोक लागायचं.

मग हैतीहून मिर्लांद आली, शेतीचं शिक्षण घ्यायला. "ही तर थेट फ्रिजमध्येच येऊन पडली की!" लिबार्दो कारकून म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि मला तिच्या अंगावर टाकलं. "माझ्या आईने विणलीय. जप."

मिर्लांदने जपलंही. तिच्या घरची रीत अशी की दुसऱ्याची वस्तू परत करायची ती स्वच्छ धुऊनच. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने पातेलंभर पाणी उकळलं, मला त्यात बुडवलं आणि साबण लावून मनापासून चोळलं. लोकरीला हे सोसत नाही, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. वाळले तेव्हा मी तान्ह्या बाळाला होईन एवढी उरले होते. तिने मला ओढून पाहिलं, ताणून पाहिलं, आणि पलंगावर बसून रडली. मला माझ्यापेक्षा तिचंच वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मी सुटकेसच्या तळाशी पडले आणि ती कचेरीची वाट टाळू लागली. कुठल्या तोंडाने जाणार? नेमका तेव्हाच तिचा या देशात राहण्याचा परवाना संपत आला होता. शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर शिक्षण सोडून परत जायचं. कचेरीतून फोनवर फोन येत होते. ही उचलेना; तिला वाटे, रुआनाच मागताहेत.

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. बाहेर एर्मेलिंदाबाई, धापा टाकत.

"फोन काय शोभेला ठेवलायस? परवान्याची खिडकी आता बंद होईल!"

मिर्लांदने सुटकेस उघडली आणि मला दोन्ही हातांवर धरून पुढे केलं.

बाईंचा चेहरा पडला. माझी कड त्या बोटांनी चाचपत राहिल्या. आईच्या हातची वीण आता घट्ट मिटून गेली होती. बाईंचे डोळे भरून आले.

"बाई, मला माफ..."

"यासाठी परवाना बुडवत होतीस? गधडे! माझ्या आईने ही कुणाला थंडी वाजू नये म्हणून विणली. हिच्यापायी तू घरी परत जावंस म्हणून नाही. चल, बूट घाल."

दोघी पळतच गेल्या. खिडकी बंद व्हायच्या आत सही झाली.

आता मी कचेरीत गुळाच्या पाण्याच्या भांड्यावर असते. जाड झालेय ना, पाणी दिवसभर निवत नाही. मिर्लांद शेवटच्या वर्षाला आहे आणि नव्या मुलांच्या मदतीला इथेच बसते.

परवा एक डॉमिनिकन मुलगी दारात घुटमळत होती. पाठीमागे लपवलेला कोट कचेरीचाच, इस्त्रीने जळालेला. मिर्लांदने भांड्यावरून मला उचललं आणि तिच्यासमोर धरलं.

"ही बघ. माझी करामत. एके काळी माझ्या गुडघ्यापर्यंत यायची."

मुलगी आधी बघतच राहिली, मग खुदकन हसली. तिचे हात कोटासकट आपोआप पुढे आले.

"ये, आत बस," मिर्लांद म्हणाली.

पुन्हा मोठं व्हावं असं मला आता वाटत नाही. मागणं एवढंच, तुमच्या दारात कुणी असं हात मागे लपवून उभं राहिलं, तर आधी त्याला आत घ्या. बरं, मला जागेवर जाऊ द्या. पाणी निवतंय.