कालिंदीताईंना पडलेला दुसरा फिशपाँड

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळात होळीला फिशपाँड टाकायची जुनी पद्धत आहे. निनावी टोमणा लिहायचा, तो सगळ्यांसमोर वाचला जातो, आणि ज्याला पडला त्याने हसायचं. यंदा हॉल मिळाला नाही. तेव्हा सेक्रेटरी सुचित्राने व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक टाकली : नाव न देता लिहा, मी इथे चिकटवत जाईन.

कालिंदीताई रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात. त्यांना पहिला पडला तो असा : "ताई 'दोनच शब्द बोलते' म्हणाल्या की आमची सियालदहहून परतीची लोकल चुकते." ताईंनी स्वतःच लोळून हसणारे चेहरे टाकले आणि लिहिलं, "मग पुढची पकडा!"

मग दुसरा आला : "माहेरी ताईंचं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे माईक सोडत नाहीत."

त्यावरही पाचसहा जण सवयीने हसले. मग ग्रुप गप्प झाला. आमचा ग्रुप गप्प होतो तेव्हा सगळे एकमेकांना स्वतंत्र फोन करत असतात. संध्याकाळी ताईंनी लिहिलं, "मुलांचा वर्ग आजपासून बंद."

हे मला लागलं. माझी नात ऋता घरात बंगालीत भांडायची, ती या वर्गामुळे माझ्याशी मराठीत भांडू लागली होती. तेवढ्यात मंडळातल्या चंद्रकांतचा फोन आला.

"नाना, जरा जास्तच झालं नाही का?"

"काय?"

"नाही, मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"मग मला फोन का केलात?"

"सहज. तब्येत काय म्हणते?"

मी जन्मभर विनोदी सदरं लिहिली. आता निवृत्त आहे, पण संशयितांना निवृत्ती नसते. मीही मग संशय घ्यायला बसलो. आधी हसणाऱ्यांवर घेतला, नंतर न हसणाऱ्यांवर. सुचित्रावर घेतला, कारण सूत्रसंचालन तिला हवं असतं. चंद्रकांतवर घेतला, कारण माझ्या तब्येतीची चौकशी त्याने पूर्वी कधी केली नव्हती. शेवटी सुचित्राला विचारलं, "ताईंचं माहेर कुठलं गं?"

"साताऱ्याकडचं ना? की नगर? का हो?"

मलाही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मग तिथे ताईंचं कुणी ऐकत नसे, हे लिहिणाऱ्याला कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी बराकपूरला ताईंच्या घरी गेलो. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. गुरुदत्त बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, आणि समोरच्याकडे कर्जाच्या अर्जासारखं बघायची त्यांची सवय राहिली आहे.

"या, लेखक! मी सोडणार नाही हं त्या माणसाला. मंडळातून काढलाच पाहिजे." हे माझ्याकडे बघून.

ताईंनी चहा आणि चकल्या आणल्या. "ऋता आता काय छान वाचते हो! त्या दिवशी मी म्हटलं तिला, बाळा, हा उतारा—"

"झालं सुरू!" गुरुदत्त हसले. "माहेरी चार भावांत हिचं कुणी ऐकलं नाही. त्याचा सूड सगळ्यांवर." हसू सरावाचं होतं, रोजच्या वापरातलं. मग पाणी आलं का बघायला ते खाली गेले.

माझी बशी हातातच राहिली. ताई माझ्याकडे बघत होत्या.

"कळलं?"

"कळलं. तुम्हाला?"

"वाचल्या वाचल्या. लग्न झाल्यापासून ऐकतेय. घरात मीही हसते. पण काल सुचित्रा हसली, चंद्रकांत हसले..." त्यांनी चकलीचा तुकडा मोडून पुन्हा ताटलीत ठेवला.

"त्यांना बोललात?"

"म्हणतील, पहिल्यावर हसलीस, मग यावर रडतेस कशाला? आता याचं उत्तर द्यायला वेळ लागतो, नाना. आणि तोवर ते म्हणतील, झालं सुरू."

"आणि वर्ग?"

"घ्यायचाय हो मला. मुलांनी काय केलंय? पण सगळे शोध घेतायत. उद्या कुणीतरी इथवर पोचेल. नवऱ्यानेच लिहिलं म्हटल्यावर त्या पोरांच्या आयांसमोर कशी उभी राहू?" त्यांनी चकल्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. "तसा सगळ्यांचा संशय तुमच्यावरच आहे."

"आहे."

"तो तसाच राहिला तर?"

चकल्या चांगल्या झाल्या होत्या. मी आणखी एक घेतली.

बराकपूर स्टेशनच्या बाकावर बसून मी ग्रुपवर लिहिलं : "दुसरा फिशपाँड माझा. मर्यादा सुटली. कालिंदीताईंची माफी मागतो."

सुचित्रा लगेच म्हणाली, "वाटलंच होतं." चंद्रकांतने लिहिलं, "विनोद आटला की माणूस असा घसरतो. वहिनी गेल्यापासून नानांना आवरणारं कुणी उरलं नाही." त्याखाली हसरे चेहरे उगवले. मी मोजले नाहीत.

मग गुरुदत्त आले : "आम्ही उभयतांनी मोठ्या मनाने क्षमा केली आहे. पुन्हा असं होऊ नये." त्यालाही अंगठे मिळाले.

गाडी आली. मी खिडकीशी बसलो तेव्हा ताईंचा निरोप ग्रुपवर पडला होता.

"रविवारी वर्ग आहे. मुलांना वेळेवर पाठवा. आणि चंद्रकांत, वहिनींबद्दलचं ते वाक्य आधी काढा."