चारही बत्तीस

तीन दशांश सेकंद म्हणजे किती, हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी माणूस. साधी शिंक यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पण या तीन दशांशांनी चष्मेवालीची झोप खाल्ली होती, भूक खाल्ली होती आणि घरातली शांतता तर पार चाटूनपुसून खाल्ली होती.

चष्मेवाली हे तिचं ट्रॅकवरचं नाव. तिला स्वतःला चष्मा नव्हता. आठवड्याचे सहा दिवस ती दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, ‘आता स्पष्ट दिसतंय, की आता?’ असं दिवसातून शंभरदा विचारायची, आणि सातव्या दिवशी आपली जुनी लाल गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर हजर व्हायची. तिथल्या क्लबचा नियम सरळ होता. शर्यतीत उतरायचंय ना, मग सरावाच्या दिवशी एक फेरी, फक्त एक, दोन मिनिटांच्या आत मारून दाखवा. तिची फेरी दोन मिनिटं आणि वर तीन दशांशांवर येऊन अडली होती. तीन रविवार झाले, घोडं तिथंच पेंड खात होतं.

आज शेवटचा रविवार होता. क्लबचा नव्हे, तिचा. नवऱ्याशी तिने करार केला होता, आणि तोही कुणी जबरदस्ती न करता, स्वतःच्या तोंडाने: आजच्या दिवसात झालं तर झालं, नाहीतर गाडी विकायची आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. नवरा लगेच ‘ठीक’ म्हणाला होता. इतक्या लगेच, की तिला त्याचाही राग आला होता.

घरात तिच्या बाजूने बोलणारं माणूस एकच, तिचे सासरे. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. सून गाडी पळवते हे कळल्यावर घरातले सगळे कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा या गृहस्थांनी एवढंच विचारलं होतं, “ब्रेक कसे आहेत?” तेव्हापासून दर रविवारी ते तिच्याबरोबर यायचे. सोबत घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि डिकीत घातलेला स्वतःचा जुना पायपंप. पंप कशाला, असं तिने एकदा विचारलं होतं. “असावा,” ते म्हणाले होते. असू दे, म्हातारा माणूस, असं म्हणून तिने सोडून दिलं. इथेच तिचं चुकलं.

कारण ट्रॅकवर गाडी चालवणं म्हणजे निम्मं स्टिअरिंग आणि निम्मी हवा. रस्त्यावर चाकांत एकदा हवा भरली की पंधरा दिवस बघायला नको. इथे तसं नाही. तीन-चार जोरदार फेऱ्या झाल्या की टायर असा तापतो की हात लावला तर चटका बसावा. टायर तापला की आतली हवा फुगते आणि हवा मोजायच्या गेजचा काटा सात-आठ घरं वर चढतो. म्हणून निघताना मुद्दाम कमी भरायची. थंड असताना पंचवीस ठेवली की तापल्यावर बरोबर बत्तीस होते, आणि बत्तीसला तिची गाडी सांगितलं ऐकायची. पस्तीसच्या वर गेली की तीच गाडी वळणावर साबणावरून घसरल्यासारखी घसरायची. हे सगळं तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसकट. सासऱ्यांना समजावूनही सांगितलं होतं. ते ऐकून मान डोलावायचे. ती मान चाळीस वर्षं प्रवाशांच्या तक्रारी ऐकून डोलत आलेली होती, हे बिचारीच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी चार सेशन होती, प्रत्येक वीस मिनिटांचं. सकाळी भरताना हवा जरा जास्तच झाली होती, ती पहिल्यात पस्तीसवर गेली. परत आल्या आल्या तिने गरम टायरमधून जास्तीची सोडून चारही चाकं बत्तीसवर आणली. दुसऱ्या सेशनमध्ये गाडी कशी सुतासारखी सरळ चालली, आणि गाडीतल्या टायमरने पुन्हा तोच आकडा दाखवला. दोन मिनिटं, तीन दशांश. पण आज तिला कळलं होतं ते कुठे जातायत. तिसऱ्या वळणाला ती ब्रेक जरा लवकर मारत होती. बस्स, तेवढंच. जेवणानंतरच्या तिसऱ्या सेशनमध्ये तेवढं सुधारलं की काम फत्ते.

जेवणाच्या सुट्टीत क्लबवाल्यांनी सगळ्या चालकांना सूचना द्यायला आत बोलावलं. सूचना पाच मिनिटांच्या, पण बोलणाऱ्याला माइक सोडवेना. ती धावत बाहेर आली तेव्हा गाड्या रांगेत लागायलाही लागल्या होत्या. एरवी ती निघण्याआधी गेज लावल्याशिवाय राहायची नाही. पण हवा सकाळी आपल्याच हाताने सोडली होती, चाकांना कोण हात लावणार? हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि निघाली.

दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीला गाडी कुरकुरायला लागली. चौथ्या फेरीला पुढची चाकं वळायचं नावच घेईनात. ती स्टिअरिंग वळवतेय आणि गाडी आपली सरळ चाललीय, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखी. तिसऱ्या वळणाला तिने ठरवल्याप्रमाणे ब्रेक उशिरा मारला आणि गाडी डांबर सोडून थेट खडीत जाऊन बसली. झेंडेवाल्याने झेंडा हलवला, ओढणारी गाडी आली, आणि सगळ्यांच्या देखत लाल गाडी दोरीला बांधून परत आली. तिसरं सेशन गेलं पाण्यात.

तिने उतरून पुढच्या चाकाला गेज लावलं. एक्केचाळीस. दुसऱ्या चाकाला लावलं. एक्केचाळीस. तिला वाटलं गेज बिघडलं.

“जास्त झाली का?” मागून सासऱ्यांचा आवाज आला.

ती हळूच वळली. सासऱ्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, आणि पायपंप खुर्चीशेजारी उभा होता.

“बाबा, तुम्ही हवा भरली?”

“अगं, चोवीस-पंचवीस होती चारही चाकांत! मघाशी तर तू बत्तीस म्हणाली होतीस. म्हटलं गळतेय की काय. दारावरच्या पट्टीवर तेहतीस लिहिलंय, तेवढी करून दिली. कमी हवेने टायर तापतो, सूनबाई, आणि तापला की फुटतो. बसचा टायर फुटलेला पाहिलायस कधी?”

एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने भर उन्हात पायाने पंप मारून चार चाकं भरली होती, आणि ती का? तर सुनेचा जीव वाचावा म्हणून. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण त्या घटकेला तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि जिभेला काही हाड नसतं.

“ही बस नाहीये, बाबा!” ती ओरडली. शेजारच्या तंबूतली माणसं वळून बघायला लागली. “थंड झाल्यावर ती उतरतेच! दहा वेळा सांगितलंय तुम्हाला! ऐकता तरी का माझं, की नुसतीच मान हलवता? कुणी सांगितलं होतं हात लावायला? उगाच लुडबुड!”

“चुकलंच माझं,” सासरे म्हणाले. त्यांनी पंप उचलला, डिकीत नेऊन ठेवला आणि डिकी हळूच लावली. मग खुर्चीत न बसता कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.

चौथ्या सेशनला सव्वा तास होता. त्या सव्वा तासात तिने जे केलं ते पाहून कोणीही शाबासकी दिली असती. टायर पूर्ण गार होऊ दिले. उन्हाची बाजू बदलली तशी गाडी सावलीत घेतली, म्हणजे दोन चाकं गरम आणि दोन थंड असं व्हायला नको. मग गेज लावून चारही चाकांत बरोबर पंचवीस केली. व्हॉल्व्हच्या टोप्या लावल्या. पुन्हा काढून पुन्हा तपासलं. या सगळ्यात तिने सासऱ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. चहाचा कप त्यांनी बॉनेटवर आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

आता या खेळातली एक गोष्ट शाळकरी पोरालाही पाठ असते. थंड टायरवर पहिल्या दोन फेऱ्या सबुरीने चालवायच्या. आतून रबर हळूहळू तापू द्यायचं, मग जोर करायचा. घाई केली तर टायर आतून थंड असतानाच वरचं रबर तेवढं घसटून करपतं, आणि करपलेलं रबर मग त्या दिवसापुरतं पकड धरत नाही. तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

ती निघाली आणि पहिल्याच वळणावर तिला डोळ्यांसमोर पायपंप दिसला. मग दोरीला बांधलेली गाडी दिसली. मग नवऱ्याचं ते लगेच म्हटलेलं ‘ठीक’ ऐकू आलं. तिने दात-ओठ खात पाय दाबला. चाकं किंचाळली. गाडी घसरली, तिने सावरली, पुन्हा पाय दाबला. पहिल्या फेरीत चार वेळा घसरली. सबुरी ठेवायला हवी, हे तिला दिसत होतं, अगदी स्पष्ट दिसत होतं, पण पाय काही ऐकेना. तिसऱ्या फेरीपासून पुढचं डावं चाक गुळगुळीत वाटायला लागलं. तशी ती आणखी चिडली, आणि चिडली म्हणून आणखी जोरात गेली. पाचव्या फेरीला टायमर म्हणाला, दोन मिनिटं, सात दशांश. पुढच्या तीन फेऱ्या त्याहून वाईट. मग शेवटचा झेंडा पडला.

घड्याळवाल्याने खिडकीतून वेळेची चिठ्ठी हातात दिली. “पुढच्या वेळी,” तो म्हणाला. तिने चिठ्ठी न वाचताच खिशात कोंबली.

गाडी उभी करताच ती गेज घेऊन चाकापाशी बसली. छत्तीस असू दे, ती मनात म्हणाली. अडतीस असू दे. दुपारची थोडी राहिली असेल, गेज चुकलं असेल, काहीही असू दे. पुढचं डावं: बत्तीस. पुढचं उजवं: बत्तीस. मागची दोन्ही: बत्तीस. तिने चारही चाकं पुन्हा मोजली. गेजने एक घरही इकडेतिकडे केलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आणि इथे अंगण तर असं सपाट निघालं होतं की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तरी हलला नसता.

सासरे येऊन शेजारी उभे राहिले. वाकून त्यांनी पुढच्या डाव्या टायरजवळ पालथा हात नेला आणि चटकन मागे घेतला. टायरच्या बाहेरच्या कडेला रबराच्या वळ्या गोळा झाल्या होत्या, खोडरबराने खूप खोडल्यावर होतात तशा. चाळीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला त्या वळ्या वाचायला वही लागत नाही.

“हवा किती?” त्यांनी विचारलं.

“बत्तीस.”

“चारही?”

“चारही,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात काळे झाले होते, म्हणून सासऱ्यांनी तो सीटवरून उचलला, नाव बघितलं आणि स्पीकरवर टाकला.

“काय मग, झालं का?” नवऱ्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं. पण सासरेच आधी बोलले.

“अरे, माझ्यामुळे सगळा घोळ झाला. दुपारी हिच्या नकळत मी चाकांत हवा भरून ठेवली. तेहतीस केली. गाडी घसरून खडीत गेली. दिवसच वाया गेला पोरीचा. आजचा दिवस धरू नकोस तू.”

ती गेजकडे बघत होती. दिवस नव्हता गेला, एक सेशन गेलं होतं. शेवटचं सेशन तिचं होतं, हवा तिची होती, टायर तिचे होते. हे सांगायला चार शब्द पुरले असते. तिने मनात ते जुळवलेही.

“बाबा, कमाल आहे तुमची,” नवरा म्हणाला. “बरं, ठीक आहे. मग आज नको धरायला, तो काही तुझा दोष नाही. पुढचा रविवार घे तू. पण एक सांगतो, बाबांना नेऊ नकोस. बाबा, राग मानू नका, पण तुम्ही आता घरीच थांबा.”

“छे छे, राग कसला,” सासरे म्हणाले. “बरोबरच आहे तुझं.” ते वाकून एक-एक व्हॉल्व्हची टोपी लावायला लागले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

“मग, चालेल ना तुला?” नवऱ्याने विचारलं.

पुढचा रविवार. वीस-वीस मिनिटांची आणखी चार सेशन.

“चालेल,” ती म्हणाली.