शिलाई मशीनचा तिसरा हात

मावशींच्या घरात एखादी वस्तू बिघडली, असं मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. काकांच्या कानावर गेलं की ती धड दुरुस्त व्हायची नाही आणि टाकूनही दिली जायची नाही. गॅलरीत तिचे सुटे भाग व्हायचे. काका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यापासून हाताखाली माणसं उरली नव्हती, म्हणून स्क्रू-नटांवर हुकूम गाजवत बसायचे.

मिक्सरने मान टाकली तेव्हा मावशींनी तो गुपचूप भंगाराच्या पिशवीत घातला. काकांनी तो तितक्याच गुपचूप बाहेर काढला.

"भांडं गेलंय. मोटर ठणठणीत आहे."

"मग काय, उशाशी घेऊन झोपणार?"

"तुझं मशीन चालवणार तिच्यावर."

मावशी उठून भांडी आवरायला लागल्या. शिलाई मशीनचा विषय निघाला की हल्ली त्यांना नेमकं दुसरं काम आठवे. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी पायमशीन साफ बंद केलं होतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे फ्रॉक त्याच मशीनवर शिवलेले. रविवारी कोपऱ्यावरचा शिंपी ते विकत न्यायला येणार होता. "घेऊन जा एकदाचं," असं मावशींनी तोंडाने म्हटलं होतं खरं, पण आतून जीव तुटत होता.

काकांनी मोटर फळीवर ठोकली, पट्टा चढवला आणि बटण दाबलं. चाक उलटं फिरलं आणि दोऱ्याचा गुंता झाला.

"तुमच्याच वळणावर गेलीय," मावशी म्हणाल्या.

काकांनी वायरींची अदलाबदल केली. चाक सुलट फिरलं, पण असं सुसाट, की मावशींनी हात काढेपर्यंत उशीचा अभ्रा चारही बाजूंनी बंद.

"छान. आता उशी कुठून घालू?"

मग पंख्याचा जुना रेग्युलेटर आला. मोटर ताळ्यावर आली खरी, पण मावशींचे दोन्ही हात कापडात. रेग्युलेटर फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा?

"पायाने नुसता दाबायचा स्विच मिळतो म्हणे," मावशी म्हणाल्या. "त्याला गुडघ्याचं काम नाही."

काका बाजारात जाऊन आले, बराच वेळ गॅलरीत खुडबुडले आणि मग हात हलवत आत आले. "नाही मिळत आता. बंद झाले ते." मग स्टूल ओढून मशीनशेजारी बसले आणि रेग्युलेटर मांडीवर घेतला. "बोल."

"हळू. हळू म्हणते ना. आता सोडा जोरात. थांबा."

काका थांबले. संसारात पहिल्यांदाच एका शब्दात थांबले.

रविवारी शिंपी आला. सरळ टीप बघितली, स्टुलावरचे काका बघितले. "हा कारागीर कुठून आणलात?"

"जुनाच आहे. कामाला आता लागला," मावशी म्हणाल्या. "मशीन विकायचं नाही. चहा घेऊन जा."

तेव्हापासून रोज सकाळी दोघांची जोडी बसू लागली. आयुष्यभर हुकूम सोडलेला माणूस निमूटपणे हुकूम झेलू लागला. दोरा बदलेपर्यंत मोकळा वेळ असे, त्यात बोलणं होई. हा फ्रॉक कोणाचा, ती पोरगी मोठी कधी झाली, असलं काहीबाही. निवृत्तीनंतर दोघांमध्ये मीठ संपलं आणि गॅस आला यापलीकडे फारसं बोलणं उरलं नव्हतं, हे मावशींना आता कुठे जाणवलं.

एके सकाळी मशीन कुरकुरायला लागलं. काका अंघोळीला गेले होते, म्हणून मावशी स्वतःच गॅलरीत तेलाची कुपी शोधायला गेल्या. हत्यारांच्या डब्यात तळाशी एक तेलकट फडकं होतं. ते उचललं तर खाली पायाने दाबायचा स्विच. कोरा करकरीत, दुकानाचं लेबल तसंच. वर काकांच्या पद्धतीने वायर नीट गुंडाळलेली, प्लगसुद्धा बसवलेला. म्हणजे जोडायची तयारी झाली होती आणि मग माणसाचा विचार फिरला होता.

मावशींचा पारा चढला. इतके दिवस खोटं बोलला हा माणूस, आता चांगली खरडपट्टी काढते, म्हणून त्या तरातरा दारापर्यंत गेल्यासुद्धा. तिथे त्यांना मशीनशेजारचं स्टूल दिसलं. काकांनी त्यावर जुन्या चादरीची घडी करून गादी केली होती. रोज बसायचं म्हणून.

त्या मागे वळल्या. स्विच होता तिथे ठेवला, वर फडकं घातलं आणि फडक्यावर जड पाना ठेवला.

"गॅलरीत काय शोधतेस?" काकांनी बाथरूममधून विचारलं.

"तेलाची कुपी. मिळाली," मावशी म्हणाल्या. "आवरा लवकर. बाही लावायची आहे, तुमच्याशिवाय अडलंय माझं."