किशोरीचा सुकवणो

मित्रांनो, मी एक जुना डीहायड्रेटर, म्हणजे खाण्याच्या वस्तू सुकवायचं यंत्र आहे. जुना म्हणजे दोन वर्षांचा. पण समुद्राकाठी पत्रा लवकर म्हातारा होतो. पोटात एक हीटर, एक पंखा आणि काही ट्रे, एवढाच माझा संसार. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बरेचसे भाऊ कोरड्या गावांत पडले आणि सुखी झाले. मी मालवणजवळच्या गावात आलो, जिथे मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो.

मला आणलं किशोरीने, म्हणजे या घरच्या सुनेने. ती शिकवत होती ती शाळा मुलांअभावी बंद झाली होती. नवरा सर्वेश डोंबिवलीला नोकरीला. गावात भागत नसेल तर घर बंद करून आईला घेऊन इकडेच या, असं त्याचं म्हणणं. यंदा शिमग्याला आला तेव्हा नवंकोरं कुलूप आणून खुंटीला अडकवूनही गेला. माझ्या जोरावर गावातच भागवून दाखवते म्हणून किशोरीने गणपतीपर्यंतची मुदत मागून घेतली. थोडक्यात, ते कुलूप खुंटीवरच ठेवणं हे माझं काम. माझ्या माहितीपत्रकात या जबाबदारीचा उल्लेख नव्हता.

सासूबाई राधाबाई यांनी माझ्या तोंडाशी हात धरून पाहिला.

"गो, वारो इकत हाडलंस?" त्यांनी विचारलं. "वारो तर आपल्याकडे फुकट आसा."

माझं इंग्रजी नाव त्यांच्या कवळीत अडकायचं. त्यांनी मला 'सुकवणो' म्हटलं आणि तेच राहिलं.

किशोरी जवस, तीळ आणि भोपळ्याच्या बिया भिजवायची. जवसाचा चिकट लगदा झाला की त्यात मीठ, मिरची आणि थोडं आमसुलाचं आगळ घालून ट्रेवर पातळ पसरायची. अर्धवट सुकल्यावर सुरीने रेघा मारायची, मग उलटवायची. मी मंद आचेवर तासन्‌तास घोंघावत बसायचो. शेवटची परीक्षा राधाबाईंची. त्या एक क्रॅकर, म्हणजे तो सुकलेला पातळ तुकडा, कानाजवळ नेऊन मोडायच्या. 'कट्ट' वाजला तर पास. शेजारच्या गणपतभाऊंनी "ह्यां पाखरांचा खाणा" म्हणून चेष्टा केली आणि बोलता बोलता डबा रिकामा केला.

मग सावंतवाडीहून गौरजाताई क्रॅकर चाखायला येणार असा निरोप आला. शुद्ध शाकाहारी खाऊ त्या मोठ्या शहरांतल्या दुकानांना पाठवत. त्यांनी होकार दिला, तर घर उघडं राहणार होतं.

आणि मे महिन्यातच पाऊस कोसळला. राधाबाईंचे खारवलेले बांगडे गच्चीवर होते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायची सगळी बेगमी भिजत होती. किशोरी बाजारात गेलेली. राधाबाईंनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूने कोणी बांगडा सुकवत नाही. त्यांनी बांगडे माझ्या ट्रेवर ओळीने निजवले आणि बटण दाबलं. मला ओरडायचं होतं. पण मला फक्त घोंघावता येतं.

संध्याकाळी त्यांनी ट्रे लिंबाने घासून जागच्या जागी ठेवले. दुसऱ्या दिवशी किशोरीने गौरजाताईंसाठी क्रॅकर केले. तिला वास आला नाही. आगोटीला ज्या घरात सुक्या मासळीचा वास नसतो, त्या घराचीच आमच्याकडे काळजी करतात.

गौरजाताईंनी एक तुकडा खाल्ला. पाणी प्यायल्या.

"कुरकुरीत आहे," त्या म्हणाल्या. "पण यात समुद्र जरा जास्त झालाय का?"

त्या गेल्या, त्या गेल्याच. राधाबाईंनी बांगड्यांचं कबूल केलं, तेव्हापासून किशोरीने सासूशी अबोला धरला. बोलली असती तर बरं झालं असतं. मला पडवीत गोणपाटाखाली ठेवलं. वर कोणीतरी रिकामी घागर ठेवली. पाऊस पडत राहिला आणि माझ्या स्क्रूंना गंज धरू लागला. फोनवर सर्वेश सामानाच्या टेम्पोबद्दल विचारत होता.

एका सकाळी राधाबाईंनी घागर उचलली आणि गोणपाटासमोर नारळ ठेवला. मित्रांनो, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. 'होय' म्हणणारा नसेल तर ते बिनतिकिटाच्या पत्रासारखं पडून राहतं.

"बा देवा म्हाराजा," राधाबाई म्हणाल्या. "चूक झाली ती ह्या म्हातारेची." त्या थांबल्या. घरातून आवाज आला नाही.

"ह्या सुकवण्याक जो काय वास लागलो हा, तो भायर काढ." पुन्हा थांबल्या. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, तेवढंच.

"राग धरूचो तर माझ्यार धर. पण माझ्या सुनेच्या हातचा काम बंद पाडू नको."

 मग किशोरी उंबऱ्यापर्यंत आली.

"होय म्हाराजा," ती म्हणाली. आवाज काही फार भक्तीचा नव्हता.

तिने गोणपाट काढून मला आत नेलं. ट्रे बाहेर काढून नाकाशी धरला.

"येता वास?" राधाबाईंनी भीत भीत विचारलं.

"येता," किशोरी म्हणाली. "चिंच हाडा. परत घासूया."

दोघी घासत बसल्या आहेत. वास पूर्ण जाईल की नाही, मला माहीत नाही. गणपती जवळ येत आहेत.

तर मित्रांनो, घरातल्या वस्तू पुसत जा, कोरड्या ठेवत जा, आणि ज्याचं काम त्यालाच द्या. शेजारी कोणी एकटंच गाऱ्हाणं घालत असेल, तर रुसलेल्या तोंडाने का होईना, पण 'होय' म्हणा. खुंटीवरच्या त्या कुलपालाही आता गंज चढू लागला आहे. त्याला मात्र पुसायचं या घरात कोणाच्याच लक्षात येत नाही.