मागचा चेहरा

हेमराजची बोटं कधीच झिजून गेली होती. सिंदेवाहीच्या राइस मिलमध्ये पोती उचलून उचलून अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्या, आणि रेशनच्या मशीनवर अंगठा टेकवला की मशीन हा माणूसच नाही असं जाहीर करायचं. त्यामुळे नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या त्याच्या पोरीनं, दिव्यानीनं, त्याच्यासाठी नवा मोबाईल आणला तेव्हा त्याला बोटाचं कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता. तिनं चेहऱ्याचं कुलूप लावलं. मोबाईल तोंडासमोर धरायचा. तो बघतो, पटलं तर उघडतो.

"सोपं हाय बाबा," ती म्हणाली. "काई आठवन ठेवा लागत नाई. थोबाड तर सोबतच राह्यते."

सोबत राहत होतं हे खरं, पण सारखं राहत नव्हतं. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून मोबाईल धरला की टक् आवाज व्हायचा आणि तो लगेच उघडायचा. हेमराजला त्याचं फार बरं वाटे. मिलमध्ये त्याला नावानं हाक मारणारे दोघंच होते, आणि इथं एक महागडी वस्तू त्याला बघताक्षणी ओळखत होती. संध्याकाळी मात्र भुवयांवर भुसा बसलेला असला की तीच वस्तू अनोळखी व्हायची. दुपट्टा गुंडाळला तर ओळखायची नाही, उन्हानं डोळे बारीक झाले तर नाही, दाढी वाढली तर विचार करून नाही. बसस्टँडवर एकदा तो मोबाईलला निरनिराळी तोंडं करून दाखवत होता, तेव्हा शेजारची बाई पोराला उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. चार आकडे टाकूनही मोबाईल उघडायचा, पण त्यासाठी चष्मा शोधावा लागे. मग चेहऱ्याचा उपयोग काय?

त्याच सुमारास गावात मुखवटे आले होते. आदल्या वर्षी मोहाच्या हंगामात गावातला झिंगू वाघाच्या तावडीत गेला. मोहफुलं वेचायला वाकला होता, तो पुन्हा सरळ झाला नाही. त्यानंतर नागपूरच्या कुठल्याशा संस्थेचे लोक गाडी घेऊन आले. वाघ समोरून बघणाऱ्या माणसावर येत नाही, मागून येतो, म्हणून डोक्याच्या मागं एक चेहरा बांधून जंगलात जायचं, असं त्यांनी समजावलं आणि पोतंभर मुखवटे वाटले. सगळे एकाच साच्यातले. गुलाबी गाल, कोरलेली मिशी, लग्नात जेवून उठलेल्या व्याह्यासारखं हसू, आणि टक्क उघडे काळे डोळे. गावातल्या कुणाचाच चेहरा इतका समाधानी नव्हता.

वनरक्षक रंजीता मॅडमनी वाटपाच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "बांधा, पन त्याच्या भरवशावर राहू नका. घोळक्यानं जा, बोलत राहा, आणि उजेड पडल्याशिवाय जाऊ नका." सगळ्यांनी मान हलवली आणि अंधारातच जात राहिले. मोह पहाटेच गळतो. उजेडाची वाट पाहणाऱ्याला वानरं, हरणं आणि शेजारचं गाव यांनी ठेवलेलं मिळतं.

होळीला दिव्यानी घरी आली. मोबाईल ओळखत नाही अशी बापाची कुरकुर ऐकून ती हसली, खुंटीवरचा मुखवटा काढला, मोबाईलसमोर धरला आणि दुसरा चेहरा म्हणून त्याचीच नोंद करून टाकली. मोबाईल स्वस्तातला होता, त्यानं काही खळखळ केली नाही.

"घ्या. तुमच्यापेक्षा हा पक्का. दाढी वाढत नाई, भुसा लागत नाई."

गंमत म्हणून केलेली गोष्ट. पोरगी नागपूरला गेली आणि गंमत गावात राहिली. साचा एकच असल्यानं एका मुखवट्यानं उघडणारा मोबाईल सगळ्याच मुखवट्यांना उघडू लागला. शेजारच्या बुधरीच्या मुखवट्याला मात्र उघडेना. बघितलं, तर तिचा मुखवटा उन्हानं विटला होता, एक डोळा पुसट झाला होता. तिनं काजळानं डोळा गिरवून आणला. टक्.

हेमराजच्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. "मोबाईल बनवणारे का येडे हाय? येवढी मोठी कंपनी. तिचं मशीन ज्याले मानूस समजते, त्याले वाघ काऊन नाई समजन?"

या तर्कात खोट काढायची तर वाघालाच विचारावं लागलं असतं.

वच्छलानं, त्याच्या बायकोनं, तेवढ्यात विचारून घेतलं, "मंग मोबाईल वाघाशी बोलून सांगते का जी?"

"तुले नाई समजत त्यातलं."

"मले येवढंच समजते का आमी वाकलो का तो मुखवटा आभायाकडे पाह्यते. वाघ का वरून येनार हाय?"

बाया हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या अंगणात आल्या. एकेकीनं हेमराजकडं पाठ करून उभं राहायचं, त्यानं मागच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरायचा, टक् झालं की तो म्हणायचा, "जा." नाही झालं तर पुसा, काजळ लावा, पुन्हा या. वच्छला सगळ्यात शेवटी उभी राहायची. हेमराज आयुष्यात पहिल्यांदाच असा माणूस झाला होता, ज्याच्या शब्दाशिवाय लोक पाऊल उचलत नाहीत. तो पहाटे उठून दाढी करू लागला. मोबाईल त्यालाही आता चटकन ओळखत होता.

मोबाईल आठवडाभर अपडेट मागत होता. दिव्यानी फोनवर म्हणाली, "करून टाका बाबा, सुरक्षेसाठी असते." रात्री चार्जिंगला लावून त्यानं होय दाबलं आणि झोपला.

पहाटे सहा बाया पाठ करून रांगेत उभ्या. पहिली बुधरी. मोबाईल धरला, उघडला नाही. पडद्यावर बारीक अक्षरांची एक ओळ आली आणि विझली. चष्मा घरात होता. त्यानं मुखवटा बाहीनं पुसला, पुन्हा धरला. पुन्हा तीच ओळ.

"झालं का भाऊ? मोह गळून राह्यला," बुधरी म्हणाली.

"थांब वो. उजेड कमी हाय."

उजेड रोज इतकाच असायचा. तेवढ्यात बोडीच्या, गावच्या तळ्याच्या, पलीकडं वानर खेकसलं. एकदाच. मग गप्प झालं. रांगेतल्या बायांनी पदर सारखे केले, पण मागं वळून कोणी बघितलं नाही. मागं बघायचं काम मुखवट्याचं होतं.

हेमराजच्या हातून ते कसं झालं, हे नंतर त्यालाही नीट सांगता आलं नसतं. इतक्या दिवसांत बोटांना आकड्यांच्या जागा माहीत झाल्या होत्या. त्यानं अंदाजानं चार आकडे दाबले. टक्. बुधरी खुशीत पुढं सरकली. एकीला होय म्हटल्यावर दुसरीला नाही म्हणायला कारण लागतं, आणि ते त्याच्याकडं नव्हतं. दुसरी, टक्. तिसरी, टक्. सगळ्यांची पाठ त्याच्याकडं होती. बघत होते ते फक्त मुखवटे, आणि ते हसत होते.

शेवटी वच्छला. तिच्यासमोर त्यानं मोबाईल नुसता धरून ठेवला.

"का झालं जी?"

"काई नाई." त्यानं आकडे दाबले. "जा."

सहा चेहरे त्याच्याकडं बघत अंधारात गेले. तो घरात आला, चष्मा लावला, खुंटीवरचा आपला मुखवटा काढून त्याच्यासमोर मोबाईल धरला. ओळ आली. या वेळी त्यानं वाचली.

डोळ्यांची उघडझाप करा.

मुखवटा हसत राहिला. हेमराजनं मोबाईल आपल्या तोंडासमोर धरला. तीच ओळ. त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या. टक्.

यंत्राला कळलं होतं. नुसता चेहरा पुरत नाही, डोळे उघडे असणंही पुरत नाही, जिवंत माणसाची पापणी हलते. नागपूर नाही, मुंबई नाही, कुठल्या तरी लांबच्या देशात बसून कुणीतरी एका रात्रीत गावातले सगळे मुखवटे मारून टाकले होते. ज्या वाघाला आयुष्यभर माणसांवर डोळा ठेवून जगायचं आहे, त्याला हे कळायला किती रात्री लागतील?

त्यानं सवयीनं आपला मुखवटा डोक्यामागं बांधला आणि पळाला.

बोडीच्या पाळीवरून वाट खाली उतरते आणि मोहाच्या झाडांशी जाते. दोन्ही बाजूंना पुरुषभर गवत. हेमराज पळता पळता दमला, मग भरभर चालू लागला, मग हळू. मोबाईल मुठीत होता. पाखरं बोलत नव्हती. फुलांचा गोडसर, आंबूस वास येऊ लागला आणि झाडांखाली त्याला बाया दिसल्या. सगळ्या वाकलेल्या. सहा मुखवटे आभाळाकडं बघत होते.

"थांबा!" तो ओरडला. "थांबा वो! मुखवटे..."

बाया सरळ झाल्या, त्याच्याकडं वळल्या. वच्छला सगळ्यात जवळ होती. ती काहीतरी टाकून बोलणार असं तिच्या तोंडावर होतं, आणि मग ते तोंड तसंच राहिलं. ती हेमराजकडं बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. तिनं टोपली आवाज न करता खाली ठेवली.

"तिथीच राहा," ती हळू म्हणाली. "हलू नका."

"काऊन?"

"मांगं पाहू नका."

हेमराजच्या मानेवरचा मुखवटा घामानं चिकटला होता. तो मागं बघत होता, ते त्याचं काम होतं. हेमराजचा हात आपोआप छातीशी आला आणि हात हलल्यासरशी मोबाईल जागा झाला. पडदा उजळला, त्यानं समोरचा चेहरा बघितला आणि विचारलं. डोळ्यांची उघडझाप करा. हेमराजचे डोळे फाटल्यासारखे उघडे होते. पापणी खाली येईना. मोबाईल थांबला, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला. त्याच्या लेखी या घडीला हेमराजही मुखवटाच होता.

मग वच्छला पुढं निघाली. मागं नाही, पुढं, त्याच्या दिशेनं, डोळे त्याच्या खांद्यापलीकडं रोवून. तिच्या बाजूला बुधरी, मग बाकीच्या. पहिली किंकाळी कुणाची होती कळलं नाही, पण त्यानंतर सगळ्याच ओरडू लागल्या. शिव्या, देवाची नावं, नवऱ्यांची नावं. एकीनं जर्मनच्या डब्यावर दगड हाणायला सुरुवात केली. त्या हेमराजच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेल्या. मागं गवत सळसळलं, जवळच, फार जवळ. मग थोडं लांब. मग नाही.

मग बुधरी हसायला लागली.

"पाह्यलं का? दहा हातावर होता, पन भाऊले हात नाई लावला! मुखवट्यानं वाचवलं!"

"बुधरी, आयक," हेमराज म्हणाला. "मुखवटे चालत नाई आता. सकायी एकबी उघडला नाई. मी आकडे दाबले. खोटं सांगतलं तुमाले."

त्याला वाटलं, आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घाबरला भाऊ," बुधरी बाकीच्यांना म्हणाली, आणि मग त्याला, लहान पोराला समजवावं तशी, "मोबाईल नाई म्हनते, अन् वाघ होय म्हनते. मंग कोनाचं आयकाव आमी? वाघाचंच ना?"

परत जाताना वच्छला त्याच्यामागून चालत होती. बोडीच्या पाळीवर आल्यावर ती म्हणाली, "तो भेला नवता जी."

"मंग?"

"बसला होता. मांजर बिळापाशी बसते तसा. तुमच्या मुखवट्याच्या डोयात डोये घालून. मान जराशी वाकडी केली, मंग सरळ केली. कशाची तरी वाट पाहून राह्यला होता."

"कशाची?"

"मले का मालूम."

हेमराजला मालूम होतं. त्यानं सांगितलं नाही.

संध्याकाळी रंजीता मॅडम येऊन गेल्या, पंजाचे ठसे बघून गेल्या, चार दिवस तिकडं कुणी फिरकू नका म्हणून सांगून गेल्या. सगळ्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया अंगणात येऊन पाठ करून उभ्या राहिल्या. हेमराजनं एकेकीसमोर मोबाईल धरला. एकदाही टक् झालं नाही, आणि प्रत्येकीला त्यानं मोठ्यानं सांगितलं, "नाई उघडला."

"असू द्या जी," बुधरी म्हणाली. "काल मुखवटा वाघापाशी पास झाला ना, तेवढं पुरे."

वच्छलानं आपला मुखवटा खुंटीवरच ठेवला होता. टोपली घेऊन ती निघाली तेव्हा हेमराजनं तिचा हात धरला.

"तू तरी नको जाऊ."

"त्यायच्या मांगं कोन पाहीन मंग?" तिनं हात सोडवून घेतला.

त्या निघाल्या. पाच चेहरे त्याच्याकडं बघत, हसत, डोळे टक्क उघडे ठेवून अंधारात शिरले. हेमराज त्यांच्या पापण्यांकडं बघत उभा राहिला. सहावं डोकं साधंच होतं, केसांचा अंबाडा घातलेलं. ते दर चार पावलांवर वळून मागं बघत होतं. त्याला वाटलं, आपल्याकडं बघते. त्यानं हात वर केला. मग त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्याकडं बघत नव्हती, त्याच्या मागं बघत होती, आणि या वेळी ती थांबली होती.