कैरीचं औषध

“घट्ट धरलीय, टाका तुम्ही!” तुंगाबाई म्हणाल्या.

पद्मनाभरावांनी बिनसुईची सिरिंज पुढे आणली. टॉवेलात गुंडाळलेल्या कैरीचं तेवढं डोकं बाहेर होतं. औषधाचा थेंब चोचीवर पडला आणि गळ्याच्या पिसांवर ओघळला. कैरीने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. तिची मान एका बाजूला कलली.

“अय्यो! अहो, ही डोळे मिटतेय.”

“सोड, सोड तिला!”

त्यांनी टॉवेल जेवणाच्या टेबलावर उलगडला. कैरी कुशीवर पडून राहिली. थोड्या वेळाने तिचं शेपूट खालीवर हलायला लागलं. मग ती कशीबशी उठली, खुरडत पिंजऱ्यात गेली आणि मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली.

कैरी म्हणजे हिरव्या पाठीची, मुठीएवढी, परदेशी जातीच्या पोपटाची मादी. ती त्यांच्या सुनेची, ईश्वरीची. ईश्वरी नाशिकची. लग्न होऊन म्हैसूरला आली आणि वर्षभरात कैरीला घेऊन आली. आता ती बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, आठवा महिना होता. प्रद्युम्नही रजा टाकून तिच्याबरोबर गेला होता. जाताना ईश्वरीने कैरीसाठी एक वही लिहून ठेवली होती. तुंगाबाईंनी त्यातलं खाण्यापिण्याचं पान तेवढं वाचलं होतं.

आणि त्या सोमवारी सकाळी कैरीच्या नाकातून पाणी यायला लागलं. पिंजऱ्यासकट तिला रिक्षात घालून दोघं पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेली. छातीत संसर्ग होता. दहा दिवस, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, औषधाचे दोन थेंब. “धरून देता येईल ना?” डॉक्टर यशस्विनींनी कन्नडमधून विचारलं होतं. तुंगाबाईंना हसू आलं होतं. सरकारी इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. बाकीच्या नर्सना न जुमानणारं मूल तुंगा सिस्टरकडे यायचं. एका हाताने ते मांडीत आवळायचं, दुसऱ्या हाताने सुई. त्याचं रडणं सुरू होईतो काम झालेलं असायचं.

आता त्याच हातांनी त्या रिकामा टॉवेल उगाच घडी करत होत्या. पद्मनाभरावांनी डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

“छाती दाबली गेली का?” डॉक्टरांनी विचारलं.

“घट्ट धरली होती. सुटू नये म्हणून.”

“सिस्टर, पक्ष्याची छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो. आणि ती आधीच आजारी आहे. पुन्हा धरू नका. आपणहून घेते का बघा. परवा सकाळपर्यंत औषध पोटात गेलं नाही, तर इकडे घेऊन या. पण इथेही धरावंच लागेल. खरं सांगते, त्यात धोका आहे.”

तुंगाबाईंनी फोन ठेवला. “चौतीस वर्षं नर्स होते हो मी,” त्या म्हणाल्या, “आणि मला हे माहीत नव्हतं.”

त्या संध्याकाळी ईश्वरीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा पद्मनाभरावांनी कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं. कैरी मजेत आहे, असंही सांगितलं. सुनेला या दिवसांत त्रास नको, हे त्यांचं म्हणणं तुंगाबाईंना पटलं होतं. पण मंगळवारी सकाळी त्यांनी कैरीला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढू दिलं, तेव्हा आकडा एकोणसाठ ग्रॅम आला. वहीत पासष्ट लिहिलं होतं. शिवाय तुंगाबाईंचा हात दिसला की ती पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटत होती. त्यांनी स्वतःच नाशिकला फोन लावला.

“ईश्वरी, कॅमेरा बिघडला नव्हता ग. आम्ही खोटं बोललो.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. टॉवेल, मिटलेले डोळे, एकोणसाठ. “तुझा जीव आहे तिच्यात. माझ्या हातून...”

ईश्वरीने आधी एकच विचारलं.

“आई, ती दांडीवर बसलीय की पिंजऱ्याच्या तळाशी?”

“दांडीवर.”

“बरं.” ईश्वरीचा आवाज ओला झाला होता, पण ती थांबली नाही. “मग आपल्याकडे वेळ आहे. माझ्या टेबलाच्या खणात ती निळी डबी आहे बघा, टक वाजते ती. आणि सूर्यफुलाच्या बियांचा डबा.”

ती निळी डबी तुंगाबाईंना चांगली माहीत होती. रोज ऑफिसला निघण्याआधी ईश्वरी कैरीपुढे बसायची. कैरीने लाकडी काडीच्या टोकाला चोच लावली की टक वाजवायची आणि एक बी द्यायची. हे पाहून तुंगाबाई पद्मनाभरावांना म्हणायच्या, “सुम्ने, उगाच पोरखेळ. पोपटाची कसली शाळा?”

आता त्या फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून त्या शाळेत बसल्या. ईश्वरी पडद्यावरून बघत होती.

“काडी धरा नुसती. ती येईल. चोच लागली की त्याच क्षणी टक. आधी आवाज, मग बी.”

कैरी आली नाही. पाच मिनिटं गेली. तुंगाबाईंनी काडी हळूच पुढे सरकवली, तशी कैरी मागे सरली.

“आई, तुम्ही जाऊ नका तिच्याकडे. तिला येऊ द्या.”

“येतच नाही ना ती! भ्यालीय मला.”

“तुम्हाला नाही. तुमच्या हातांना भ्यालीय. तुमचा आवाज रोजचा आहे तिच्या ओळखीचा. बोला तिच्याशी.”

काय बोलायचं ते तुंगाबाईंना सुचेना. मग वॉर्डातल्या पोरांशी बोलायच्या तशा त्या कन्नडमध्ये बोलायला लागल्या. “बा कंदा, बा. ये बाळा. काही करत नाही मी. बा.” काडी धरलेला हात अवघडून आला, तरी त्यांनी हलवला नाही. कैरी एक पाऊल सरकली. थांबली. आणखी एक. मान लांब करून तिने काडीच्या टोकाला चोच टेकवली.

टक.

“बी, बी द्या!”

त्या दिवशी तासातासाने, पाच-पाच मिनिटं हेच चाललं. तुंगाबाई चुकायच्या. टक उशिरा वाजायची, कधी घाईत दोनदा वाजायची. ईश्वरी नाशिकहून सांगत राहायची. दुपारी ईश्वरीच्या आईने तिला झोपायला पाठवलं, तर ती आडवी पडून सांगत राहिली. संध्याकाळी काडीच्या जागी रिकामी सिरिंज आली, आणि कैरी पुन्हा मागच्या जाळीला चिकटली.

“संपलं,” पद्मनाभराव म्हणाले. “ओळखलंन तिने.”

“तुम्ही स्वल्प गप्प बसा हो.” तुंगाबाईंनी सिरिंज हातभर लांब, टेबलावर ठेवून दिली. कैरीने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तरी टक आणि बी. एक पाऊल टाकलं, तरी टक आणि बी. मग सिरिंजच्या टोकाला पपईच्या रसाचा थेंब. अंधार पडायच्या सुमारास कैरीने तो थेंब चाटला.

बुधवारी सकाळी सातला औषध पपईच्या रसात मिसळलं. फोनवर ईश्वरी होती, पण ती बोलत नव्हती. कैरी आली. तिने टोक चोचीत धरलं, एक थेंब घेतला आणि कडू लागून अशी मान झटकली, की अर्धा थेंब तुंगाबाईंच्या चष्म्यावर उडाला. ती मागे गेली. तुंगाबाईंनी चष्मा पुसला नाही, हात हलवला नाही. टक वाजवली आणि बी ठेवली. कैरीने बी फोडली, विचार केल्यासारखी थांबली आणि परत आली. उरलेला सगळा रस तिने ओढून घेतला.

“गेलं,” तुंगाबाई म्हणाल्या. “पोटात गेलं, ईश्वरी.”

पडद्यावर ईश्वरी तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून रडत होती. पद्मनाभराव उठून उगाचच खिडकी उघडून आले.

फोन बंद झाल्यावर तुंगाबाई बराच वेळ सिरिंज हातात धरून बसल्या.

“चौतीस वर्षांत ही वस्तू बघून माझ्याकडे कुणी आलं नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “एक पोरगं नाही.”

“अगं, त्याला सुई होती.”

“हौदु, हो, सुई होती. तरी दोन मिनिटं थांबता आलं असतं. एखाद्या वेळी तरी.”

“बाहेर शंभर आया रांगेत उभ्या असायच्या, तुंगा. तू कधी थांबणार होतीस?”

तुंगाबाईंनी आता कुठे चष्म्यावरचा थेंब पुसला.

औषधाच्या उरलेल्या एकोणीस वेळाही अशाच पार पडल्या. पाचव्या दिवशी नाक कोरडं झालं, सातव्या दिवशी कैरी सकाळी ओरडली, आणि त्या कर्कश ओरडण्याने तुंगाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्स संपल्यावर दोघं पुन्हा रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर यशस्विनींनी छाती तपासली, वजन केलं. सहासष्ट.

“उत्तम. औषध देताना कुणी धरलं होतं?”

“कुणीच नाही,” पद्मनाभराव म्हणाले, आणि बायकोकडे बोट दाखवलं. “हिने दिलं.”

परतताना रिक्षात तुंगाबाईंना मांडीवरच्या पिंजऱ्यावर डोकं टेकून झोप लागली. बारा दिवसांत त्या अशा झोपल्या नव्हत्या. खड्डा आला की पद्मनाभराव एका हाताने पिंजरा आणि दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा सावरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कैरी पिंजऱ्यातून उतरली आणि टेबलाच्या कडेशी, सिरिंज असायची त्या जागी येऊन उभी राहिली.

“कोर्स संपला ना?” कॉफीचे पेले आणत पद्मनाभरावांनी विचारलं.

“संपला.”

तुंगाबाई उठल्या. कोमट पाण्यात सिरिंज धुतली, नुसता पपईचा रस भरला आणि येऊन बसल्या. हात टेबलावर ठेवला, तसाच, हातभर लांब. कैरी वाटेत पडलेलं बियांचं एक टरफल चोचीने उलटंपालटं करून बघत होती. ते तिला फारच आवडलेलं दिसत होतं. पेल्यातल्या कॉफीवर साय धरली, तरी तुंगाबाई तशाच बसून होत्या.